'स्टेरॉइड' नाही, मेफेन्टरमाइन : मेंदूचा ब्रेक सोडवणाऱ्या औषधांविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जिममध्ये आणि तालमींच्या आसपास चोरून विकल्या जाणाऱ्या मेफेन्टरमाइनच्या इंजेक्शनांच्या बातम्या गेली काही वर्षे राज्यात येत आहेत. मथळ्यात त्यांना कधी 'नशेची इंजेक्शने' म्हटले जाते, तर कधी 'बॉडी बनवायची स्टेरॉइड'. नाव जवळजवळ सारखे असल्याने मेफेड्रोन या वेगळ्याच नशेच्या द्रव्याशीही गल्लत होते. ही नुसती शब्दांची चूक असती तर हे पत्र लिहिले नसते. पण छातीत धडधड, अंगभर घाम आणि भ्रम अशा अवस्थेत एखादा मुलगा इस्पितळात आणला गेला आणि वडिलांनी 'तो स्टेरॉइड घेतो' एवढेच सांगितले, तर डॉक्टरांचा विचार चुकीच्या दिशेने सुरू होतो आणि तिथे गेलेला वेळ परत मिळत नाही. म्हणून हे औषध आणि त्याच वाटेवर पुढे असणारी, आकडी आणणारी द्रव्ये नेमके काय करतात, हे सांगण्यासाठी थोडी जास्त जागा मागतो आहे.

स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या जातीची संप्रेरके. ती स्नायूच्या पेशीत शिरून प्रथिने बनवण्याचे काम वाढवतात आणि परिणाम दिसायला आठवडे लागतात. त्यांचे दुष्परिणाम वेगळे, तपासण्या वेगळ्या. मेफेन्टरमाइनने स्नायूचा एक तंतूही वाढत नाही. ते भूलतज्ज्ञाच्या ट्रेमधले औषध आहे. सिझेरियनसाठी कमरेतून भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत साचते आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी मॉनिटरवर नजर ठेवून शिरेतून ३ ते ६ मिलिग्रॅम मेफेन्टरमाइन दिले जाते आणि गरज पडली तरच पुन्हा. बाजारातल्या १० मिलीच्या बाटलीत दर मिलीला ३० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ३०० मिलिग्रॅम औषध असते. ऑपरेशन थिएटरच्या हिशेबाने एका बाटलीत ५० ते १०० डोस झाले. जिमच्या कोपऱ्यात सिरिंज भरणाऱ्याला हा हिशेब कोणी सांगितलेला नसतो.

त्याचे काम असे चालते. आपल्या चेतातंतूंच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिनच्या लहान लहान पिशव्या साठवलेल्या असतात. संकट आले, धावावे लागले, कुस्ती लागली की त्यातल्या थोड्या फुटतात. हृदय जोरात चालते, रक्तवाहिन्या आवळतात, डोळे विस्फारतात. मेफेन्टरमाइन त्या टोकात शिरते आणि साठा बाहेर ढकलते. म्हणजे ते स्वतः काही आणत नाही, शरीराने अडीनडीसाठी राखून ठेवलेले धान्य गोदाम फोडून रस्त्यावर ओतते. त्यातले काही औषध मेंदूतही पोहोचते आणि तिथे तरतरी, आत्मविश्वास, 'आज काहीही उचलेन' अशी भावना येते. शरीरात त्याच्या काही भागाचे फेन्टरमाइन होते. फेन्टरमाइन हे भूक मारणारे, ॲम्फेटामिनच्या घराण्यातले औषध. जेवण तुटते आणि झोप उडते ती त्यामुळे.

आता गोदाम रिकामे झाले की पुढच्या सुईला परिणाम कमी मिळतो. पिशव्या पुन्हा भरायला वेळ लागतो आणि तो वेळ न देता दुसरी सुई घेतली जाते, मग तिसरी. औषधशास्त्रात याला झटपट येणारी सहनशीलता म्हणतात. महिन्या-दोन महिन्यांत बाटलीच्या बाटली संपवणारे तरुण दिसतात, ते यामुळे. सोडले की दोन-चार दिवस अंग मोडून येते, प्रचंड झोप येते, उदास वाटते आणि त्यातून सुटायला माणूस पुन्हा सुईकडे वळतो. जास्त काळ घेणाऱ्यांत संशय आणि कानात आवाज येणे सुरू होते. मित्र आपल्याविरुद्ध कट करताहेत, घरच्यांनी जेवणात काही घातले आहे, असे त्याला खरोखर वाटू लागते. घरचे याला 'डोक्यात हवा गेली' म्हणतात. ती हवा नसते, औषधाने आणलेला मनोविकार असतो आणि त्यावर उपचार आहेत. एकच बाटली चौघांत आणि एकच सुई दोघांत फिरली, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका आहेच.

यात ताकद कुठे आली? थकवा ही मेंदूची सूचना आहे. स्नायू तापला, पाणी कमी पडले, हृदय हद्दीला आले की मेंदू 'थांब' म्हणतो. उत्तेजक औषध ती सूचना दाबते. तापलेला स्नायू तापलेलाच राहतो. शिवाय त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतू चढत असताना इंग्लंडचा सायकलपटू टॉम सिम्प्सन कोसळला आणि दगावला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामिन आणि दारूचा अंश सापडला, दिवस कडक उन्हाचा होता. हीच जुळणी आपल्याकडे वजन उतरवणाऱ्या पैलवानाच्या बाबतीत होते. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडायचे, घाम काढायचा, त्यावर उत्तेजक घ्यायचे आणि मग जोर करायचा. पाण्याअभावी रक्त दाट झालेले, उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही आणि थांबायची सूचना बंद. स्नायूंचे तंतू विरघळून त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडात अडकते. लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर ती याची खूण आहे. त्या दिवशी व्यायाम बंद आणि थेट इस्पितळ. दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

स्पर्धेत खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत मेफेन्टरमाइन स्पर्धाकाळात बंद असलेल्या उत्तेजकांमध्ये आहे. फेन्टरमाइनही आहे. त्यामुळे लघवीत दोन्हींपैकी काहीही सापडले तरी कारवाई होते.

आता या औषधांची गाठ आकडीशी का पडते, ते सांगतो. मेंदूत दर क्षणी दोन कामे एकाच वेळी चालू असतात. ग्लुटामेट नावाचे द्रव्य पेशींना 'चल' म्हणते आणि गाबा नावाचे द्रव्य 'थांब'. मज्जारज्जूत थांबवण्याचे बरेचसे काम ग्लायसिन करते. गाबा आणि ग्लायसिन हे दोघेही पेशीच्या भिंतीतले क्लोराइडचे दार उघडतात. ऋण भाराचे क्लोराइड आत आले की पेशी शांत होते. उत्तेजक आणि आकडी आणणारी द्रव्ये या गाडीशी दोनच गोष्टी करतात, ॲक्सिलरेटर दाबतात किंवा ब्रेक काढतात. मेफेन्टरमाइन, ॲम्फेटामिन, कोकेन ही पहिल्या जातीची. कुचला, काकमारी, कापूर ही दुसऱ्या जातीची द्रव्ये म्हणून ओळखली जातात. पण ॲक्सिलरेटर फार दाबला तरी शेवट आकडीतच होतो. म्हणून 'हे नुसते तरतरीचे आहे, आकडीचे नाही' अशी भिंत या औषधांमध्ये नाही. ती मात्रेवर आहे.

रोजच्या ओळखीचे उदाहरण चहा-कॉफीचे. जागेपणी मेंदूच्या पेशी इंधन जाळतात आणि त्यातून ॲडिनोसिन साचत जाते. ते आपल्या कुलपात बसले की पेशी मंदावते आणि झोप येते. कॅफीन त्याच कुलपात किल्लीसारखे जाऊन बसते, पण फिरत नाही, आणि कुलूप अडून राहते. झोप 'गेली' असे वाटते तेव्हा ॲडिनोसिन बाहेर साचतच असते. प्रौढ माणसात निम्मे कॅफीन उतरायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला २०० मिलिग्रॅम घेतले तर रात्री अकराला १०० अंगात असते, आणि एवढे एका कडक कॉफीच्या कपात असते. पाच आठवड्यांच्या सरावाने मिळवायचे ते 'प्री-वर्कआउट'च्या डब्यातून एका संध्याकाळी मिळवू पाहणाऱ्यांची झोप इथे जाते आणि स्नायू तर झोपेतच भरतो.

निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा चालते. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे २५० मिलीच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. हे मोजता येते. मोजता येत नाही ती पावडर. काही पावडरींच्या एका मापात २०० ते ३०० मिलिग्रॅम असते आणि पोरे दोन-दोन मापे घेतात. शुद्ध कॅफीनची सुटी पावडर तर घरात असूच नये. चहाच्या एका सपाट चमच्यात ती सुमारे तीन ग्रॅम बसते आणि घरच्या चमच्याने ग्रॅमचा दहावा भाग मोजता येत नाही. या मात्रेला उलट्या, हृदयाचे ठोके चुकणे आणि आकडी ठरलेली. कारण ॲडिनोसिन हा मेंदूचा आकडी विझवणारा स्वतःचा पाण्याचा बंब आहे आणि कॅफीनने त्याचाच नळ बंद केलेला असतो.

याच कॅफीनवर अपुऱ्या दिवसांची बाळे जगतात, हेही सांगायला हवे. या बाळांच्या मेंदूतले श्वासाचे केंद्र पुरते तयार नसते आणि ती मध्येच श्वास घ्यायचे थांबतात. त्यांना कॅफीन सायट्रेट देतात, आधी दर किलोला २० मिलिग्रॅम, मग रोज ५ ते १०. इतक्या लहान यकृतात त्यातले निम्मे उतरायलाच शंभर तासांच्या आसपास लागतात, म्हणून दिवसातून एकदाच पुरते. औषध तेच असते. वजन, मिलिग्रॅम आणि वेळ लिहून ठेवणारी परिचारिका शेजारी असते, एवढाच फरक.

दम्याच्या रुग्णांना दिले जाणारे थिओफायलिन हे कॅफीनचेच भावंड आहे. एटोफायलिनबरोबरच्या गोळ्या कोल्हापुरातल्या असंख्य घरांत वर्षानुवर्षे चालू आहेत. रक्तात त्याची पातळी दर मिलीला १० ते २० मायक्रोग्रॅम असावी असे आम्ही शिकवत आलो. त्याच्या वर उलट्या, धडधड, हाताची थरथर आणि पुढे आकडी. यकृतातले जे विकर (एन्झाइम) थिओफायलिन उतरवते तेच सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक अडवते. म्हणजे दम्याची गोळी चालू असताना जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतले, की दोन-तीन दिवसांत गोळीची संख्या न वाढवता तिची पातळी वाढते. एरिथ्रोमायसिननेही तसेच होते. विडी-सिगारेट सोडल्यावरही पातळी चढते, कारण धुरामुळे ते विकर जास्त काम करत असते. वृद्धांत पुष्कळदा आकडी हीच पहिली खूण ठरते. दुकानातून प्रतिजैविक स्वतःहून घेणाऱ्या प्रत्येकाने दम्याच्या गोळीचे पाकीट दुकानदाराला आधी दाखवावे, आणि दुकानदाराने ते मागावे.

कुचला मात्र थेट ब्रेकच तोडतो. कोकणात आणि घाटाच्या जंगलांत काजऱ्याचे झाड वाढते. नारंगी फळात करड्या रंगाच्या, चपट्या, बटणासारख्या, रेशमी लव असलेल्या बिया असतात. त्यात स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन ही अल्कलॉइडे आहेत. १८१८ मध्ये पेलेतिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी स्ट्रिक्नीन वेगळे काढले. पुढे शंभर वर्षे ते 'शक्तिवर्धक' म्हणून बाटल्यांत विकले गेले. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या टॉमस हिक्सला वाटेत त्याच्या मदतनिसांनी अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रँडीबरोबर स्ट्रिक्नीन पाजले. तो जिंकला, पण शेवटचे अंतर त्याला धड पाय टाकता येत नव्हता. आज हेच स्ट्रिक्नीन उत्तेजकांच्या बंदीच्या यादीत आहे.

ते काय करते हे पैलवानाला चटकन कळेल. दंड मोडताना पुढचा स्नायू आवळतो, तेव्हा मागचा स्नायू सैल सोडावा लागतो. तो सोडण्याचा हुकूम मज्जारज्जूत ग्लायसिन देते. शिवाय स्नायूला आज्ञा देणारी पेशी आज्ञा देतानाच शेजारच्या एका लहान पेशीला कळवते आणि ती लहान पेशी ग्लायसिन सोडून तिला म्हणते, 'पुरे'. स्ट्रिक्नीन ग्लायसिनच्या जागेवर बसते. 'सोड' आणि 'पुरे' हे दोन्ही हुकूम बंद पडतात. पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी पूर्ण जोराने आवळतात आणि जो मूळचा बळकट तो जिंकतो. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बळकट, म्हणून माणूस डोके आणि टाचांवर धनुष्यासारखा वाकतो. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट, म्हणून दातखीळ बसते. आणि यातले सगळ्यात क्रूर म्हणजे माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. अपस्मारात बिघाड मेंदूत असतो म्हणून शुद्ध जाते, इथे बिघाड मज्जारज्जूत आहे. मृत्यू येतो तो छातीचे स्नायू आवळून श्वास कोंडल्यामुळे.

धनुर्वाताशी याची गल्लत होते आणि ती का होते हे यावरून लक्षात येईल. धनुर्वाताच्या जंतूचे विष ग्लायसिन पेशीतून बाहेरच पडू देत नाही, स्ट्रिक्नीन बाहेर पडलेल्याला बसायला जागा ठेवत नाही. ब्रेकची तार तुटली काय आणि ब्रेकचा पॅडल जाम झाला काय, गाडी थांबत नाही. फरक ओळखायची खूण अशी: धनुर्वातात दातखीळ आधी बसते, सगळे काही दिवसांत वाढते आणि दोन झटक्यांच्या मध्येही अंग ताठच राहते. कुचल्यात मिनिटांत सुरुवात होते आणि झटक्यांच्या मध्ये अंग सैल पडते.

आयुर्वेदात कुचला कुपीलू किंवा विषमुष्टी या नावाने वापरतात, तो शोधन केल्यावरच. गोमूत्रात दिवसेंदिवस भिजवणे, रोज ते बदलणे, दुधात उकळणे, साल आणि आतला कोंब काढणे, तुपात परतणे. या पायऱ्यांत विषाचा भाग धुऊन जातो, काही भागाचे रूप बदलते. ते कमी होते, शून्य होत नाही. औषध कायद्याच्या ई-१ परिशिष्टात त्याची नोंद विषारी द्रव्यांत आहे आणि अशा औषधाच्या लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना सक्तीची आहे. सांधेदुखीसाठी जत्रेत मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांत शोधन झाले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. अशी पुडी घेऊ नये.

गाबाचे दार बंद करणारी द्रव्ये मेंदूवर काम करतात, त्यामुळे त्यांत शुद्ध जाते आणि खरी आकडी येते. काकमारीच्या फळातले पिक्रोटॉक्सिन क्लोराइडच्या दारात बूच मारते. ओढ्यात मासे झिंगवायला ही फळे टाकायची पद्धत जुनी आहे. शेतावरची काही कीटकनाशकेही याच दारावर बसतात. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, पण उसाच्या खोडकिडीसाठी वापरले जाणारे फिप्रोनिल त्याच जातीचे काम करते. ते किडीच्या दारावर जास्त आणि माणसाच्या दारावर कमी बसते, म्हणून वापरता येते, पण पोटात गेले तर आकडी येते. याला उतारा नाही आणि ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांवर द्यायच्या ॲट्रोपिन या औषधाचा इथे उपयोग नाही. म्हणून रुग्णाबरोबर औषधाचा डबा किंवा पिशवी इस्पितळात न्यायचीच.

आता घरातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू, कापूर. अंबाबाईच्या आरतीपासून सर्दीच्या पोटलीपर्यंत तो आपल्या हाताशी असतो आणि त्यामुळे त्याची भीती कोणाला वाटत नाही. १९३४ मध्ये बुडापेस्टच्या मेदुना या मनोविकारतज्ज्ञाने उपचार म्हणून रुग्णांना मुद्दाम आकडी आणण्यासाठी तेलात विरघळवलेला कापूर टोचला होता. नंतर त्याने त्याच कामासाठी कार्डियाझॉल हे औषध वापरले. त्यात आकडी येण्याआधी रुग्णाला काही सेकंद मरणाची भीती वाटे, म्हणून १९३८ नंतर विजेच्या झटक्याने त्याची जागा घेतली. कार्डियाझॉल आता प्रयोगशाळेत उरले आहे, फिटची नवी औषधे उंदरांवर तपासण्यापुरते. कापूर मात्र देवघरात उघडा असतो.

दर किलो वजनाला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कापूर पोटात गेला तर मुलाला इस्पितळात न्यावे, असा विषबाधा केंद्रांचा नियम आहे. दहा किलोच्या मुलाला हे ३०० मिलिग्रॅम होतात. ग्रॅमभर वजनाची एक वडी त्याच्या तिप्पट झाली. खडीसाखर समजून पोर ती तोंडात टाकते. तोंडाला वास, पोटात आग, आणि पाच-पंधरा मिनिटांत, कधी इतर कोणतीच खूण नसताना, आकडी. त्वचेतूनही तो आत जातो. तान्ह्या बाळाच्या छातीला कापूर घातलेले तेल चोळू नये, नाकाला बाम लावू नये, आणि ज्या मुलाला आधीपासून फिट येतात त्याच्या उशाशी कापराची पोटली किंवा निलगिरीचे तेल ठेवू नये. औषध चालू असूनही फिट थांबत नसतील तर डॉक्टरांना या दोन गोष्टी घरात वापरतो का हे आपणहून सांगावे. विचारले जाईलच असे नाही. मुलाने खाल्ले ते कापूर की डांबरगोळी हा घोटाळा झाला, तर उरलेला तुकडा पाण्यात टाकावा. कापूर तरंगतो, नॅप्थलिनची डांबरगोळी बुडते. दोन्ही विषारी, पण डांबरगोळी रक्तपेशी फोडते आणि उपचार वेगळे असतात.

क्षयाच्या गोळ्यांविषयी एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत हवी. आयसोनियाझिड शरीरातले बी-६ जीवनसत्त्व निकामी करते आणि बी-६ शिवाय मेंदू गाबा बनवू शकत नाही. मुलाने किंवा निराश रुग्णाने एकदम बऱ्याच गोळ्या घेतल्या तर ब्रेकचे तेलच संपते. डायझेपामसारखी औषधे गाबाचा जोर वाढवतात, पण गाबाच नसेल तर जोर कशाचा वाढवणार? म्हणून ही आकडी नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. उतारा बी-६ हाच. जितके ग्रॅम आयसोनियाझिड गेले तितके ग्रॅम पायरिडॉक्सिन (म्हणजे बी-६), आणि आकडा माहीत नसेल तर प्रौढाला ५ ग्रॅम. इतक्या मात्रेचे इंजेक्शन आणीबाणीच्या कक्षात सहसा नसते. तेव्हा गोळ्या कुटून नळीने द्याव्या लागतात. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात त्या गोळ्यांचा साठा वेगळा बांधून ठेवला, तर खर्च काही नाही आणि जीव वाचतो. पाकीट घरी विसरले तर हे सगळे निदान उशिरा होते.

आकडी आली की काय करायचे ते थोडक्यात. घड्याळ बघा. माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे सैल करा, आसपासच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. दात तुटतात, पाणी फुप्फुसात जाते. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपणच थांबतात आणि श्रेय कांद्याला जाते. पाच मिनिटांपेक्षा लांबली, पुन्हा आली, किंवा विषबाधेची शंका असली तर १०८ ला फोन करा. कापूर, कुचला किंवा कीटकनाशक पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटी चालू असताना आकडी आली तर ती श्वासनलिकेत जाते. कुचल्याची शंका असेल तर खोली अंधारी आणि शांत ठेवा, माणसाला विनाकारण हात लावू नका. दाराचा आवाज, थंड हात, बॅटरीचा झोत, यातल्या कशानेही पुढचा झटका सुटतो, कारण मज्जारज्जूत आता कोणत्याही संवेदनेला 'पुरे' म्हणणारे उरलेले नसते.

इस्पितळात या बहुतेक आकड्यांना पहिले औषध लोराझेपाम, मिडाझोलाम किंवा डायझेपाम हे असते. अपस्मारात आपण भरवशाने देतो ते फेनिटॉइन विषबाधेच्या आकडीत फारसे चालत नाही, कारण ते एका जागेवरून पसरणारी ठिणगी अडवते आणि इथे सगळ्या मेंदूचाच ब्रेक गेलेला असतो. मेफेन्टरमाइन घेतलेल्या तरुणालाही आधी हीच शांत करणारी औषधे द्यावी लागतात. त्यांनी हृदय, रक्तदाब आणि ताप तिन्ही एकदम खाली येतात. याच्या आड येते ती घरच्यांची लपवाछपवी. पोलीस केस होईल या भीतीने बाटली फेकून दिली जाते. डॉक्टरांना ती बाटलीच हवी असते.

वस्तादांना एक विनंती. तालमीत दूध, बदाम, थंडाई यांचा हिशेब जसा मागता, तसा पोरगा किती तास झोपतो याचाही मागा. मेफेन्टरमाइनची सुरुवात झाली की सगळ्यात आधी जाते ती झोप आणि भूक. दोन्ही एकदम गेलेल्या पोराच्या दंडावर, मांडीवर सुईच्या खुणा पाहाव्यात आणि रागावण्याआधी त्याचा रक्तदाब मोजावा.

औषध दुकानदारांना माहीतच आहे की हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. एखाद्या दुकानातून महिन्याला किती बाटल्या जातात आणि त्यांतल्या किती ऑपरेशन थिएटर असलेल्या रुग्णालयांना, हे खरेदी-विक्रीच्या बिलांवरून अन्न व औषध प्रशासनाला एका दुपारी काढता येईल.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एवढेच मागणे आहे की अशी बातमी छापताना औषधाचे मूळ नाव आणि त्यातले मिलिग्रॅम जरूर छापावेत. बाटलीवर कंपनीने ठेवलेले नाव मोठ्या अक्षरांत असते. त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'मेफेन्टरमाइन सल्फेट' असते. वाचकाच्या नजरेत ते बारीक नाव बसले, तर मुलाच्या बॅगेत बाटली सापडल्यावर घरच्यांना इस्पितळात काय सांगायचे ते कळेल.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
कोल्हापूर